आज रात्री चॅप्टर हाउसात नाच

मॉन्युमेंट व्हॅली किंवा अँटिलोप कॅन्यन बघून आलेली आपली मंडळी लालभडक कड्यांचे फोटो हौसेनं दाखवतात, पण आपण नेमके कुणाच्या दारी जाऊन आलो हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. ही दोन्ही ठिकाणं नवाहो नेशनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांच्या मुलखाच्या, हद्दीत आहेत. तिथल्या रस्त्यांवर तास तास वस्ती लागत नाही, मोबाइलची रेंज जाते, फोनमध्ये उतरवून घेतलेली गाणी संपतात आणि गाडीत शांतता पसरते. अशा वेळी गाडीचा रेडिओ एएमवर टाकावा आणि काटा ६६० वर आणावा.

आधी निवेदकाचा आवाज येतो. भाषा अजिबात ओळखीची नाही. स्वर वरखाली होतात, मध्येच घशात दार लोटल्यासारखा शब्द थांबतो आणि पुढच्या क्षणी सुटतो. त्या ओघात 'पिकअप', 'रोडिओ', 'सॅटर्डे नाइट' असे इंग्रजी शब्द तरंगत येतात. कुणाचा तरी अंत्यविधी, कुठे तरी गवताच्या गाठी विक्रीला, कुठल्या तरी चॅप्टर हाउसात, म्हणजे गावच्या सभागृहात, आज रात्री नाच. निवेदन संपतं आणि स्टील गिटारचा लांबलचक, घसरत जाणारा सूर सुरू होतो. अस्सल अमेरिकन कंट्री. काउबॉयचं संगीत.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. सिनेमात काउबॉय ज्यांच्यावर गोळ्या झाडतो, तेच लोक त्याची गाणी लावून बसलेत! पण एखाद्या नवाहो आजोबांना तरुणपणाबद्दल विचारलंत, तर ते ज्या बँडांची नावं घेतील ते बहुतेक कंट्री बँडच असतील, आणि त्यातल्या एखाद्या बँडात त्यांचा चुलतभाऊ ड्रम वाजवत असेल. हे असं का, हे समजून घ्यायचं तर थोडी जमीन, थोडा धर्म आणि थोडी विजेची तार, तिन्ही उलगडावी लागतात.

आधी नावांचा घोळ मिटवू. स्पेलिंग बघून आपण 'नवाजो' वाचतो, पण नाव स्पॅनिश लोकांमार्फत आलेलं आहे, उच्चार 'नवाहो'. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात, म्हणजे 'माणसं'. आणि रिझर्व्हेशन म्हटलं की आपल्याला आधी रेल्वेचं तिकीट आठवतं, मग नोकरीतलं आरक्षण. इथे त्याचा अर्थ मूळ रहिवाशांसाठी करारानं राखून ठेवलेली जमीन. तिथले लोक एवढा लांब शब्द वापरत नाहीत, ते नुसतं 'रेझ' म्हणतात. नवाहोंचं रेझ ऍरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलंय. क्षेत्रफळ सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पावपट. राहणारी माणसं मात्र पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. एका चौरस किलोमीटरला दोन-तीन माणसं पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागेल.

काउबॉयच्या कोड्याचं पहिलं उत्तर अगदी सरळ आहे. नवाहो हेच काउबॉय आहेत. मेंढ्या, घोडे, गुरं स्पॅनिश लोकांबरोबर आली आणि नवाहोंनी ती अशी आपलीशी केली की मेंढीशिवाय त्यांच्या घराचं चित्र पुरं होत नाही. १८६४ साली अमेरिकी सैन्यानं हजारो नवाहोंना शेकडो किलोमीटर पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोंदोच्या छावणीत नेलं. चार वर्षांनी, १८६८ च्या करारानं ते आपल्या मुलखात परतले. त्या करारात जमिनीच्या हद्दीबरोबर १५,००० मेंढ्या-बकऱ्या देण्याचं कलम आहे. ज्यांच्या शांतता-करारात मेंढ्या मोजलेल्या असतात, त्यांना पशुपालकाची गाणी परकी का वाटावीत? कंट्री गाणी म्हणजे तरी काय? घोडा, धूळ, रोजंदारी, लांबचा रस्ता, मागे राहिलेलं घर आणि दारूनं केलेला घात. टोपी, बूट आणि चांदीचा पट्टाही नवाहो माणसाच्या अंगावर आधीपासून होताच. १९३९ पासून जॉन फोर्ड हा दिग्दर्शक मॉन्युमेंट व्हॅलीत काउबॉयपट काढायला लागला, तेव्हा पडद्यावर 'इंडियन' म्हणून घोड्यावरून पडायचं काम स्थानिक नवाहोंनीच केलं. रोजी मिळाली, पडले, घरी गेले.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

नवाहो भाषेत वैदूला, म्हणजे विधी करून आजार बरा करणाऱ्या जाणत्याला, 'हाताली' म्हणतात. शब्दशः अर्थ: गाणारा. वैद्य म्हणजेच गायक. माणूस आजारी पडतो तेव्हा त्याचा आणि जगाचा मेळ बिघडलेला असतो, आणि तो मेळ गाण्यानं परत जुळवायचा असतो. एकेका विधीला दिशा असते, ऋतू असतो, रात्रींची संख्या असते. एक विधी नऊ रात्री चालतो. तो हिवाळ्यातच करायचा, पहिलं दहिवर पडून साप आणि अस्वलं झोपी गेल्यावर. त्यात शेकडो गाणी, आणि ती ठरलेल्या क्रमानं, चूक न करता म्हणायची. एकेक विधी शिकण्यात हाताली वर्षंच्या वर्षं घालवतो. गाणं चुकलं तर फजिती होऊन भागत नाही, उपचारच बिघडतो.

भाषाही याला साथ देते. नवाहो भाषेत सुराच्या उंचीनं अर्थ बदलतो. 'अझे' हा शब्द खालच्या सुरात म्हटला तर औषध, वरच्या सुरात म्हटला तर तोंड. (हा उच्चार देवनागरीत फार ओबडधोबड उतरतो, त्याबद्दल नवाहो भाषकांची क्षमा मागून पुढे जातो.) रेडिओवरच्या एखाद्या इंग्रजी चालीत नवाहो शब्द कोंबायचे म्हटलं की चालीचा सूर आणि शब्दाचा सूर यांची ओढाताण सुरू होते.

आता विचार करा. ज्या समाजात गाणं म्हणजे औषध आहे, तिथे शनिवारी रात्री मजा म्हणून काय गायचं? विधीतली गाणी करमणुकीला वापरायची नसतात. पुष्कळ घरांत ती रेकॉर्ड करणंही चालत नाही. नको त्या वेळी वाजली तर काय, ही भीती असते. देव्हाऱ्यातला शंख कुणी वाढदिवसाच्या पार्टीत फुंकत नाही, तसंच हे. म्हणून करमणुकीला वेगळं गाणं लागतं, ज्याच्यावर कसली जबाबदारी नाही, जे चुकलं तरी कुणी आजारी पडत नाही. इंग्रजी कंट्री गाणं ही जागा बरोब्बर भरून काढतं. नवाहो कंट्री गायक इंग्रजीत गातात म्हणजे आपल्या संस्कृतीला पाठ दाखवतात, अशी टीका मी वाचली आहे. मला ती उथळ वाटते. इंग्रजीत गाऊन त्यांनी आपली गाणी जपली, असंही म्हणता येईल.

अर्थात सगळीच पारंपरिक गाणी सोवळ्यातली नाहीत. उन्हाळ्यात होणारा 'न्दा' नावाचा विधी आहे. लढाईवरून परतलेल्या माणसाला चिकटलेली शत्रूची छाया उतरवण्यासाठी तो करतात. दुसऱ्या महायुद्धातून आलेल्यांसाठी केला, व्हिएतनाममधून आलेल्यांसाठीही केला. विधी तीन दिवसांचा. रात्री शेकोटीभोवती तरुणांची गर्दी, ढोलाचा ठेका, एकमेकांची थट्टा करणारी गाणी. नाचायला बोलावायचा हक्क मुलीचा. ती मुलाला हाताला धरून ओढत नेते, आणि सुटका हवी असेल तर मुलानं तिला थोडे पैसे द्यायचे. खिसा रिकामा असेल तर नाचत राहायचं! त्या नाचांतल्या एका प्रकाराला इंग्रजीत 'टू-स्टेप' म्हणतात, आणि कंट्री संगीतावरच्या सर्वांत लोकप्रिय जोडीनाचाचं नावही टू-स्टेपच. दोन्ही नाच वेगळे, पण पोराला न्दाची सवय असली की शनिवारच्या नाचात बुजायला होत नाही.

वाद्यं कुठून आली? बरीचशी सरकारी निवासी शाळांतून. या शाळांनी मुलांना घरापासून तोडलं, भाषा बोलली म्हणून मारलं, आणि त्याच शाळांनी हातात ट्रम्पेट आणि ड्रमच्या काठ्या दिल्या. बाकीची आली सैन्यातून. जी भाषा बोलली म्हणून शाळेत मार खाल्ला, तिच्यातच १९४२ पासून नवाहो सैनिकांनी पॅसिफिकच्या लढायांत गुप्त संदेश पाठवले. हा इतिहास आता सगळ्यांना ठाऊक आहे. गिटार घेऊन परतलेल्या सैनिकांचा तेवढा गाजावाजा झाला नाही.

रेकॉर्ड कंपन्यांना सुरुवातीला पारंपरिक गळाच हवा होता. १९५१ साली फिनिक्समध्ये सुरू झालेल्या कॅन्यन रेकॉर्ड्स या कंपनीचा श्रीगणेशाच एड ली नाताय या नवाहो गायकाच्या आवाजानं झाला. पुढे याच कंपनीतून आर. कार्लोस नाकाई यांची बासरी जगभर गेली. ते नवाहो आणि यूट वंशाचे. त्या बासरीच्या रेकॉर्डी शहरातल्या दिवाणखान्यांत वाजल्या. रेझवरच्या पिकअपमध्ये वाजायचे ते दुसरेच.

साठच्या दशकातला फेंडर्स हा त्यातला एक बँड. न्यू मेक्सिकोत, जुन्या रूट ६६ या महामार्गावर थोरो नावाचं छोटं गाव आहे. नकाशावर प्रसिद्ध लेखकासारखं स्पेलिंग, पण तिथली माणसं त्याला 'थ्रू' म्हणतात. फेंडर्स त्या गावचे. त्यांच्याबरोबर घेतली जाणारी नावं म्हणजे विंगेट व्हॅली बॉइज आणि नवाहो सनडाउनर्स. शेजारच्या झुनी लोकांचे झुनी मिडनाइटर्स होते. सनडाउनर्स काय, मिडनाइटर्स काय, नावंच सांगतात की यांचा दिवस सूर्य बुडाल्यावर उजाडायचा.

फेंडर्स हे नाव मात्र गिटारच्या कंपनीचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण रेझचा आवाज त्या गिटारमध्ये आहे. जुनी गिटार म्हणजे पोकळ लाकडी पेटी. तार छेडली की पेटीतली हवा थरथरते आणि आवाज मोठा होतो. नाच करणाऱ्या दोनशे बुटांच्या गदारोळात ती पेटी बिचारी ऐकूच येत नाही. तिला माइक लावून आवाज वाढवावा तर स्पीकरचा आवाज पेटीत शिरतो, पेटी आणखी थरथरते आणि कान किटवणारी शिट्टी सुरू होते. १९५०-५१ च्या सुमारास फेंडर कंपनीनं टेलिकास्टर ही भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात किंचितशी वीज निर्माण होते, ती ऍम्प्लिफायर मोठी करतो. पोकळीच नाही, म्हणून शिट्टीचा त्रास फार कमी. मान आणि धड स्क्रूनं जोडलेले, म्हणजे मान मोडली तर मानच बदलायची. पिकअपच्या मागच्या हौद्यात, वॉशबोर्डसारख्या खडबडीत कच्च्या रस्त्यावर, लाल धुळीत आदळत जायला याहून बरं वाद्य सापडणार नाही.

याच गिटारवर कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड यांनी कंट्रीचा एक धारदार, कोरडा बाज घडवला. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत, व्हायोलिनांच्या थाटातल्या बाजापेक्षा हा वेगळा. शेतमजूर आणि तेलविहिरींवरच्या कामगारांच्या बारमध्ये तयार झालेला. रेझवर हाच बाज रुजला. चार माणसं, दोन गिटार, एक बास, एक ड्रम, बस्स.

आणि हे वाजायचं कुठे? १९२७ पासून नवाहोंची स्थानिक पंचायत 'चॅप्टर' या नावानं चालते. असे ११० चॅप्टर आहेत आणि प्रत्येकाचं एक सभागृह असतं, ते चॅप्टर हाउस. दिवसा तिथे चराईचे परवाने, विहिरी आणि रस्ते यांवर वादावादी. शनिवारी रात्री लोखंडी घडीच्या खुर्च्या भिंतीला लावल्या की तोच नाचाचा हॉल. दारात टेबल टाकून एखादी मावशी पत्र्याच्या डब्यात तिकिटाचे पैसे गोळा करते आणि हाताच्या पाठीवर शिक्का मारते. स्वयंपाकघरातून मटणाच्या रश्श्याचा वास येत असतो. शेजारी कढईत फ्राय ब्रेड फुगत असते: भटुऱ्यासारखी जाड, ताटाएवढी, वर मीठ नाहीतर मध. ही नवाहोंची जुनी भाकरी नव्हे. छावणीत सरकारनं रेशन म्हणून दिलेल्या मैद्याची आणि चरबीची ती, असं घराघरात सांगतात.

हॉलमध्ये जोड्या गोलाकार सरकत असतात. झटझट दोन पावलं, मग सावकाश दोन. टाचा उचलत नाहीत, बूट फरशीवर घासत जातात, त्यामुळे ड्रमच्या जोडीला सबंध हॉलभर एक 'सर्र सर्र' चालू असते. आजी सतरंजीसारख्या जाड पेंडलटन शालीत बसून ठेका धरतात. लहान पोरं बाहेर पिकअपमध्ये कोटांच्या ढिगाखाली झोपलेली.

मुलगा मुलीला नाचायला विचारतो. एक-दोन गाणी होतात. पण ओळख वाढायच्या आधी एक प्रश्न आलाच पाहिजे: तुझं कूळ कोणतं? नवाहो माणूस ओळख करून देताना चार कुळं सांगतो. आधी आईचं, तेच त्याचं स्वतःचं. मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं आणि शेवटी वडिलांच्या वडिलांचं. किन्याआनी म्हणजे उंच घराचे, तोदिचीनी म्हणजे कडू पाण्याचे, अशी सुंदर नावं. कूळ जुळलं तर ती बहीण, मग ती दोनशे किलोमीटरवरच्या गावची का असेना. आपल्याकडे सगोत्र म्हणतात तसाच प्रकार, फक्त गोत्र आईकडून येतं. नाचाच्या ऐन मध्यात 'अरे, तू तर माझा मामा!' असं निघाल्याचे किस्से ज्याच्या-त्याच्या तोंडी असतात. बँडवाल्यांना हा घोळ जास्तच, कारण त्यांचे चाहते बहुतेक त्यांचे नातेवाईकच.

दुसरा घोळ घड्याळाचा. उन्हाळ्यात अमेरिकेतली बहुतेक राज्यं घड्याळ तासभर पुढे करतात, ऍरिझोना करत नाही. नवाहो नेशन मात्र करतं, कारण त्याचा काही भाग न्यू मेक्सिकोत आणि युटात आहे. आणि नवाहो नेशनच्या पोटात असलेली होपी लोकांची जमीन करत नाही! ट्यूबा सिटी नवाहोंची, हायवे ओलांडला की होपींचं मोएनकोपी. रस्त्याच्या अलीकडे आठ वाजलेले असतात तेव्हा पलीकडे सात. पोस्टरवर नुसतं 'रात्री आठ' छापणाऱ्या बँडचा पहिला तास रिकाम्या हॉलपुढे जाऊ शकतो.

रेझवर जवळपास सगळीकडे दारू विकायला बंदी आहे. त्यामुळे चॅप्टर हाउसचा नाच कुटुंबाचा. पैसे मात्र सीमेवरच्या गावांत, मुख्यतः गॅलपमध्ये. १९५३ पर्यंत अमेरिकेत मूळ रहिवाशांना दारू विकणं कायद्यानंच बंद होतं. ती बंदी उठली आणि रूट ६६ वरच्या बारना आठवडाभर वाजवणारे बँड हवे झाले. बँडांना नियमित काम मिळालं आणि सोबत ते सगळं आलं जे कंट्री गाण्यांत असतं. काहींच्या बाबतीत गाणं खरं ठरलं. जुन्या बँडांबद्दल बोलताना म्हातारी माणसं मध्येच गप्प होतात ती या वळणावर.

आता रेडिओ. एका चौरस किलोमीटरला दोन-तीन माणसं, हजारो घरांत आजही वीज नाही, अशा मुलखात बातमी पोचवायची कशी? १९८६ साली विंडो रॉक या राजधानीच्या गावातून केटीएनएन सुरू झालं: ६६० किलोहर्ट्झ, ५०,००० वॅट. एफएम का नाही? एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते, डोंगर आडवा आला की संपली. ६६० किलोहर्ट्झची लहर साडेचारशे मीटर लांब. ती जमिनीला धरून, कड्यांना वळसे घालत, दऱ्यांत उतरत जाते. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाच्या बॅटरीवरच्या रेडिओलाही ती सापडते.

रात्री तर तिला पंख फुटतात. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर हवेचा एक थर उन्हानं विद्युतभारित होतो आणि दिवसा या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहर आणखी वर जाते, तिथल्या थरावर आदळून शेकडो किलोमीटर दूर खाली येते. म्हणून विंडो रॉकचा आवाज अंधार पडल्यावर पश्चिमेकडच्या कित्येक राज्यांत ऐकू येतो, आणि लॉस एंजेलिसकडे कामाला गेलेला ट्रक-ड्रायव्हर गावाकडच्या नाचाची जाहिरात ऐकून हळहळतो. केटीएनएन यायच्या कितीतरी आधी याच भौतिकशास्त्रानं उलटं काम केलं होतं: नॅशव्हिलचं ६५० किलोहर्ट्झचं स्टेशन रात्रीच्या हवेवर स्वार होऊन पश्चिमेकडे यायचं. डायलवर पाहिलं तर ६५० आणि ६६० मध्ये केसभर अंतर.

एक गोष्ट आधी चुकल्यासारखी वाटते आणि मग पटते. या बँडांपैकी बहुतेकांची स्वतःची गाणी थोडी. हॅगर्ड, ओवेन्स, हँक विल्यम्स, वेलन जेनिंग्ज यांचीच गाणी ते वाजवायचे. आपली स्वतःची गाणी लिहिणारे होते, नाही असं नाही. व्हिन्सेंट क्रेग हे त्यातलं लाडकं नाव. ते गायचे, विनोद सांगायचे आणि 'मटनमॅन' नावाचा किरणोत्सारी मटण खाऊन ताकदवान झालेला नायक चित्रकथेत रंगवायचे. विनोदामागची कळ अशी की १९७९ साली रेझलगतच्या चर्च रॉक इथे युरेनियमच्या कारखान्याचा बांध फुटून दूषित पाणी खरोखर नदीत गेलं होतं. क्रेग २०१० साली गेले. पण शनिवारच्या नाचाला लोकांना ओळखीचंच गाणं हवं असायचं.

दुसऱ्याचीच गाणी वाजवणाऱ्या बँडची रेकॉर्ड कोण काढणार? थोड्यांनीच काढल्या. काहींच्या कॅसेटी निघाल्या, त्या शनिवारी गॅलपच्या फ्ली मार्केटात, एकीकडे टायर आणि दुसरीकडे भाजलेला मका यांच्या मधल्या टेबलावर विकल्या गेल्या. बाकी सगळं हवेत विरलं. मूळ गाणं आज कुठेही मिळतं. हरवलंय ते त्याचं रेझवरचं रूप. दोन कडव्यांच्या मधे गायकानं नवाहोत मारलेली कोपरखळी, इंग्रजी शब्दाच्या शेवटी घशात बसलेली ती कडी, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला अर्पण केलेलं गाणं, 'अमक्या कुळाच्या मंडळींनी हात वर करा' असं म्हटल्यावर उठलेला गलका. हे कुठल्या कंपनीच्या गोदामात नाही, ज्यांनी नाच केला त्यांच्या डोक्यात आहे, आणि म्हणून ती माणसं भेटली की एवढी बोलतात.

पुढची पिढी कंट्रीवर थांबली नाही. शेजारच्या अल्बुकर्कीतल्या एक्सआयटी या बँडनं १९७२ साली मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रॉक शाखेतून मूळ रहिवाशांच्या इतिहासावर आख्खा अल्बम काढला, त्यात नवाहो भाषेतलं प्रेमगीत होतं. १९८९ साली बेनाली भावंडांचा ब्लॅकफायर हा पंक बँड सुरू झाला. वडील स्वतः हाताली. आणि आज रेझवर हेवी मेटल इतकं आहे की परक्याला ते वाळवंटात कुठून उगवलं कळत नाही. आय डोन्ट कन्फॉर्म या बँडचं रेकॉर्डिंग मेटॅलिका या बड्या मेटल बँडच्या ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांचा डॅनिश निर्माता फ्लेमिंग रासमुसेन यानं केलं. टेस्टिफाय या मेटल बँडचे ड्रमर एडमंड याझी नवाहो नेशनच्या कायदेमंडळाचे सदस्यही राहिले आहेत. मेटलबद्दल कुरकुरणारी म्हातारी मंडळी आहेतच. त्यांच्या आज्या त्यांच्या गिटारबद्दल अशाच कुरकुरत असणार.

चॅप्टर हाउसातला नाच रात्री एकच्या सुमाराला संपतो. आधी माइकवरून एक घोषणा होते, निळ्या पिकअपचे दिवे चालू राहिलेत, बॅटरी उतरेल. मग शेवटचा वॉल्ट्झ, तीनच्या ठेक्यातला, संथ. या गाण्याला नवरा-बायकोच उठतात, रात्रभर भिंतीला टेकून बसलेलीसुद्धा. ट्यूबलाइट लागतात, सगळे डोळे चोळतात. ड्रमर नट सैल करतो, बासवाला केबलची वेटोळी कोपरावर गुंडाळतो, आणि ज्यांचा सकाळी सातला मेंढ्या सोडायचा नंबर आहे ती पोरं खुर्च्या पुन्हा ओळीनं मांडतात. सकाळी दहाला त्याच हॉलमध्ये चॅप्टरची सभा आहे. नवाहो वेळेनुसार दहा.